शास्त्र, रूढी आणि सरोजाचं लग्न

वसंतराव ओहोळ आणि बस्त्याव तुस्कानो यांची ओळख एका शिवीमुळे झाली. मद्रासच्या जॉर्ज टाउनमधल्या एका अरुंद गल्लीत हातगाडीचं चाक बस्त्यावच्या पायावरून गेलं, आणि तो कळवळून जे काही बोलला ते अस्सल वसईचं होतं. आजूबाजूच्या कोणालाच ते कळलं नाही. कळलं फक्त वसंतरावांना. ते रेल्वेच्या कचेरीत हेडक्लार्क, मूळचे नगरचे, मिशनच्या शाळेत वाढलेले. त्यांच्या तोंडून कधी अपशब्द निघाला नव्हता. पण मद्रासेत इतकी वर्षं काढल्यावर भर बाजारात मायबोलीतली शिवी कानावर पडली आणि त्यांना भरून आलं. त्यांनी पुढे होऊन बस्त्यावला हात दिला.

"फार लागलं का हो?"

बस्त्याव पाय विसरला. "तुम्ही मराठी?"

"मराठी. आणि ख्रिस्ती."

"अहो, मग मी काय वेगळा आहे!" बस्त्यावनं सदऱ्याच्या आतला क्रूस बाहेर काढून दाखवला.

तसा तो वेगळाच होता. वसंतराव प्रॉटेस्टंट आणि बस्त्याव कॅथलिक. वसंतरावांच्या आजोबांनी अमेरिकन मिशनऱ्यांच्या काळात बाप्तिस्मा घेतला होता, तर बस्त्यावचं घराणं पोर्तुगीजांच्या वेळेपासून ख्रिस्ती. एकाला 'पाळक' आणि 'उपासना' हे शब्द सवयीचे, दुसऱ्याला 'फादर' आणि 'मिस्सा'. पण मद्रासेत मराठी बोलणारा ख्रिस्ती माणूस शोधून सापडायचा नाही, म्हणून त्या दिवशी दोघांनी एकाच दुकानात उभ्यानं कॉफी घेतली आणि पुढच्या रविवारी बस्त्याव लंगडत लंगडत वसंतरावांच्या घरी आला.

वसंतराव नुंगंबाक्कमला भाड्यानं राहत होते. खाली घरमालक, वर हे. घरमालक व्यासराज हे निवृत्त मुन्सिफ. त्यांचे पूर्वज मराठी राजांबरोबर तंजावरला गेले आणि तिथलेच होऊन राहिले. त्यांचं मराठी ऐकलं की जुनी बखर तमिळ चालीवर कोणी म्हणून दाखवतंय असं वाटायचं. भाडेकरूचा धर्म त्यांनी विचारला नव्हता. "मराठी बोलतां ना? मग येऊन राहा," एवढंच म्हणाले होते.

बस्त्याव बंदरात माल उतरवणाऱ्या एका कंपनीत मुकादम होता. बायको वारली होती. आग्नेल नावाचा एकुलता एक मुलगा नुकताच शिकून तिथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर झाला होता. घरात बाईमाणूस नाही म्हणून असेल, किंवा वसंतरावांच्या पत्नी करुणाबाई नगरी पद्धतीचं झणझणीत कालवण करायच्या म्हणून असेल, बस्त्यावचा रविवार ओहोळांकडे ठरून गेला. जेवण झालं की सगळे खालच्या पडवीत येऊन बसत. वसंतराव मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून एक अध्याय मोठ्यानं वाचत. त्यांच्या देवळातली उपासना तमिळमध्ये चाले, म्हणून आठवड्यातून एकदा तरी आपल्या भाषेतलं वचन कानावर पडावं असा त्यांचा नेम होता. वाचून झालं की वादाला तोंड फुटे.

वाद नेहमी एकच. बस्त्याव देवमातेचं नाव घेई, नाहीतर मेलेल्यांसाठी करायच्या प्रार्थनेचं, नाहीतर शुक्रवारच्या उपासाचं, आणि वसंतराव पुस्तकावर बोट ठेवून म्हणत, "वचन दाखवा. शास्त्रात लिहिलेलं दाखवा, आत्ता मानतो."

"सगळं लिहून ठेवलंय कुठं? प्रभूनं शिष्यांना पुस्तक वाटलं नव्हतं. शिष्य तोंडानं सांगत फिरले. ऐकणाऱ्यांनी पुढच्यांना सांगितलं. पुस्तक मागाहून झालं."

"म्हणून तर लिहून ठेवलं! तोंडी गोष्टीत माणूस आपल्या पदरची भर घालतो. परूशी धर्मपंडितांना प्रभू हेच म्हणाला ना, की माणसांच्या रीतीभाती धरून बसलात आणि देवाची आज्ञा सोडलीत?"

"आणि पौल काय म्हणाला? पत्रातून शिकवलं तेही धरा आणि तोंडानं शिकवलं तेही धरा. हे तुमच्याच पुस्तकात आहे, तुम्हीच वाचलंत गेल्या महिन्यात."

वसंतराव चष्मा पुसत. बस्त्याव मग हळूच आपलं आवडतं अस्त्र काढी. "बरं वसंतराव, या पुस्तकात कोणकोणती पुस्तकं असावीत, हे या पुस्तकात कुठं लिहिलंय?"

व्यासराज आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत. खटला चांगला रंगला की ते पायाचा अंगठा हलवत. आतून त्यांच्या पत्नी भवानीबाई विचारत, "संपलं कां तुमचं? कापी पाठवूं?" आणि कॉफी घेऊन वसंतरावांची मुलगी सरोजा बाहेर येई. तिचं नाव खरं सरोजिनी. ती तिथल्याच शाळेत शिकवायची, मद्रासेत जन्मली, वाढली, आणि मद्रासनं तिला सरोजा करून टाकलं.

आग्नेल सुरुवातीला बापाला पोचवायला यायचा आणि पायरीवर बसून कंटाळायचा. पुढे कंटाळेनासा झाला. दोघांचे बाप मोक्षाच्या वाटेवर भांडत असताना कॉफीचे पेले गोळा करायला सरोजाला बराच वेळ लागू लागला, आणि मदतीला आग्नेल उठू लागला. करुणाबाईंच्या ते लक्षात आलं होतं. भवानीबाईंच्याही आलं होतं. पडवीतल्या तिघा पुरुषांच्या मात्र आलं नव्हतं.

सहासष्ट सालच्या पावसाळ्याआधी एका रविवारी अध्याय वाचून संपला, आणि नेहमीचा वाद सुरू व्हायच्या आत आग्नेल पायरीवरून उठून उभा राहिला.

"काका, मला सरोजाशी लग्न करायचंय. तिलाही करायचंय."

वसंतरावांनी पुस्तक मिटलं, मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं?"

"म्हणजे काय, कुठं?" बस्त्याव आनंदानं फुलला होता. त्यानं मुलाच्या पाठीवर थाप मारली. "देवळात!"

"कोणत्या?"

बस्त्यावचा हात मुलाच्या पाठीवर तसाच राहिला. त्या प्रश्नात काय काय भरलंय हे त्याला एका क्षणात कळलं. कॅथलिक देवळात लग्न म्हणजे फादरसमोर कबूल करायचं की होणारी मुलं कॅथलिक होतील. इतके दिवस वादात जे वाऱ्यावर उडत होतं, ते आता घरात येऊन बसलं होतं.

"आमच्याच," तो हळू म्हणाला. "दुसरं कसं होईल? माझ्या घराण्यात पोर्तुगीजांच्या वेळेपासून मिस्साशिवाय लग्न झालेलं नाही."

"माझी नातवंडं कुणाची, हे ठरवणारा पोप कोण? वचन दाखवा."

"वसंतराव, लग्नाची गोष्ट चाललीय. इथं तरी ते पुस्तक जरा बाजूला ठेवा."

"पुस्तक बाजूला ठेवलं की उरतं काय? तुमचे पोर्तुगीज! पोर्तुगीज यायच्या आधी तुमच्या घराण्यात लग्नंच होत नव्हती की काय?"

बोलून गेल्यावर वसंतरावांना कळलं की हे वादातलं बोलणं नव्हे. बस्त्याव उठला. त्यानं टोपी घातली, भवानीबाईंना आतल्या दिशेनं नमस्कार केला आणि फाटकातून निघून गेला. आग्नेल एकदा सरोजाकडे पाहून त्याच्या मागे गेला.

पुढचा रविवार सुना गेला. त्याच्या पुढचाही. वसंतराव अध्याय वाचत, पण ऐकायला करुणाबाई आणि सरोजा. करुणाबाई डाळ निवडत ऐकत, आणि सरोजा ऐकत नसे. व्यासराज आरामखुर्चीत येऊन बसत, वाट पाहत, मग उठून आत जात. "विरुद्ध पक्ष गैरहजर," ते पुटपुटत.

सरोजा आणि आग्नेल यांना रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन सह्या करून लग्न करता आलं असतं. आग्नेलनं तसं सुचवलंही. सरोजा म्हणाली, "मग आपल्या दोघांच्या बापांना जन्मभर भांडायला एक जागा मिळेल, आणि ती जागा म्हणजे आपण." शाळेत मुलांची भांडणं सोडवून तिला एक गोष्ट ठाऊक झाली होती. भांडणाऱ्यांना समोरासमोर उभं केल्याशिवाय भांडण मिटत नाही. ती खाली जाऊन व्यासराजांपुढे उभी राहिली.

"ताता, तुम्ही मुन्सिफ होता. यांचा खटला चालवा."

व्यासराजांच्या पायाचा अंगठा हलला. "मी? मी माध्व ब्राह्मण. तुमच्या देवळाची पायरी मज ठाऊक नाही."

"म्हणूनच. या मिळकतीत तुमचा हिस्सा नाही."

म्हाताऱ्याला हे पटलं. त्यांनी दोघांना निरोप धाडला. मुन्सिफांचा निरोप मोडायची दोघांचीही छाती नव्हती. ठरलेल्या संध्याकाळी व्यासराज पेटीतला काळा कोट घालून पडवीत आले. कोटाला कापराचा वास येत होता आणि बटणं लागत नव्हती. एका बाजूला वसंतराव, दुसऱ्या बाजूला बस्त्याव. दोघं एकमेकांकडे न पाहता बसले. आग्नेल पायरीवर, सरोजा खांबाला टेकून, आणि बायका दारात.

"प्रथम मी आमच्यातलं सांगतों," व्यासराज म्हणाले. "आमच्यात श्रुति मोठी. तिच्या खालीं स्मृति. तिच्या खालीं आचार, म्हणजे चांगलीं माणसें पूर्वापार करत आलीं तें. आचार श्रुतीच्या विरुद्ध गेला तर पडतो. विरुद्ध नसेल तर राहतो. आम्ही असं धरतों की याच्या मागें कोठली तरी श्रुति असेल, आम्हांस सांपडत नाही इतकंच."

"हेच!" बस्त्यावनं मांडीवर हात मारला. "हेच मी म्हणत आलोय!"

"विरुद्ध गेला तर पडतो, हेही ऐकलंत ना?" वसंतराव म्हणाले.

"दोघेही आपणच जिंकलों असं समजतां. म्हणजे कायदा बरोबर सांगितला मी," व्यासराज म्हणाले. "आतां साक्ष. ओहोळ, तुमचं स्वतःचं लग्न कसं झालं, सांगा."

वसंतरावांनी सांगितलं. आधी तीन रविवार देवळात जाहीर केलं. पाळकांनी लावलं. करुणाबाईंना पांढरी साडी, हातात फुलं. मग अंगठी.

"अंगठी घालावी, हें शास्त्रांत कोठें?"

वसंतराव विचार करू लागले. उधळ्या मुलाच्या गोष्टीत बाप त्याच्या बोटात अंगठी घालतो हे त्यांना आठवलं, पण ते लग्न नव्हे. "तसं वचन नाही," ते म्हणाले.

"पांढरी साडी?"

"ती... आमच्याकडच्या मिशनच्या मडमेनं घालून दिलेली पद्धत."

"पाळकानं लग्न लावावं, हें?"

वसंतराव चष्मा पुसू लागले. बस्त्यावच्या मिशा थरथरू लागल्या. दर रविवारी ज्या प्रश्नानं त्याला छळलं, तो प्रश्न आज विचारणाऱ्याच्याच दारात उभा होता. "वचन दाखवा, वसंतराव!" तो हसू दाबत म्हणाला.

"तुस्कानो, तुम्ही हंसूं नका. तुमची पाळी. तुमच्या पाद्र्यानं लग्न करूं नये, हें पहिल्या शिष्यांचं आहे कां?"

"म्हणजे, पेत्रापासून चालत आलेल्या ख्रिस्तसभेनं..."

"पेत्राची सासू तापानं आजारी होती आणि प्रभूनं तिला बरं केलं," वसंतराव ताडकन म्हणाले. "सासू!"

"बायको असल्याशिवाय सासू कोठून येणार?" दारातून भवानीबाई म्हणाल्या. करुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बरें. तुमच्या वसईस लग्नांत काय काय करतात, सांगा."

बस्त्याव रंगात आला. आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात, गाणी म्हणत नवरदेवाला न्हाऊ घालतात. नवरी लाल साडी नेसते. बँड असतो. मांडवात सगळं गाव जेवतं. "ही आमची परंपरा. शेकडो वर्षांची."

"हें पाणी आणणं रोमहून आलं?"

"छे! रोममध्ये काय माहीत त्यांना?"

"येशूच्या शिष्यांनी सांगितलं?"

बस्त्याव अडखळला. "तसं नाही... आमच्या आजीनं सांगितलं."

पडवीत पहिल्यांदा सगळे मिळून हसले. बस्त्यावही हसला, वसंतरावही हसले, आणि हसता हसता दोघांची नजरानजर झाली तशी दोघांनी मान फिरवली.

"म्हणजे एकाचं थोडं मडमेचं आणि एकाचं थोडं आजीचं," व्यासराज म्हणाले. "येशू स्वतः कोणाच्या लग्नास गेले होते कां?"

"काना गावच्या," दोघं एकदम म्हणाले.

"वाचा."

वसंतरावांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. लग्नघरी द्राक्षारस संपतो, आई येऊन मुलाला सांगते, दगडी रांजण पाण्यानं भरले जातात. त्यांचा आवाज तसा साधा, कचेरीतला. पण वाचताना त्याला एक ठेका येई. बस्त्याव पुढे झुकला होता. त्याचे ओठ हलत होते. पाण्याचा द्राक्षारस झाला तसे व्यासराज खाकरले. "हें हळू वाचा. मद्रासेंत दारूबंदी आहे."

वाचन संपल्यावर त्यांनी विचारलं, "हें लग्न कोठल्या पद्धतीनं लागलं?"

"ते लिहिलेलं नाही," वसंतराव म्हणाले.

"त्या गावची जी रीत असेल, तशी," बस्त्याव म्हणाला.

"आणि येशू गेले?"

"गेले."

"ही रीत कोठें लिहिली आहे, असं न विचारतां?"

वसंतराव पुस्तकाच्या पानाकडे पाहत राहिले. मग व्यासराजांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"मुलं कोणाच्या देवळांत जावीत, याचा निकाल मी देणार नाहीं. निकाल दिला की एक हरतो, आणि हरलेल्याच्या घरांतून मुलगी किंवा मुलगा कसा आणावा? यांत तडजोड पाहिजे. ती कोर्ट करत नाहीं, पक्षकार करतात. भवानी, कापी."

कॉफी आली. बस्त्यावनं ती उभ्यानंच घेतली आणि तो निघून गेला. पण जाताना त्यानं वसंतरावांकडे पाहून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंतराव कचेरीला निघायच्या तयारीत होते. करुणाबाई डबा भरत होत्या. वादात त्या कधी पडत नसत. पण डब्याचं झाकण लावता लावता त्यांनी विचारलं, "तुमच्या आजोबांना वाचता येत होतं?"

"नाही. त्या काळी आपल्या माणसांना शाळेत कोण घेत होतं?"

"मग प्रभूची गोष्ट त्यांना कशी कळली?"

"आजीनं सांगितली. तिला मिशनच्या बाईंनी सांगितली होती. दळताना ती ओव्या म्हणायची, त्यात सगळं असायचं. जन्म, क्रूस, सगळं."

"म्हणजे पुस्तक घरात यायच्या आधी प्रभू घरात आला होता."

वसंतरावांनी डबा घेतला आणि ते जिना उतरले. बसथांब्यावर ते उभे राहिले. एक बस गेली. दुसरीही गेली. आजीला त्यांनी पाहिलं नव्हतं. पण तिची एक ओवी त्यांना येत होती. बापाच्या तोंडून ऐकलेली, कुठंही छापलेली नाही, आणि तिच्यातला शब्द न् शब्द शास्त्रातल्या गोष्टीशी जुळणारा. तिच्याबद्दल आपण कधी कोणाकडे वचन मागितलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या दिवशी त्यांना कचेरीत पोचायला उशीर झाला, आणि ही गोष्ट कचेरीत दिवसभर बोलली गेली.

रविवारी दुपारी फाटक वाजलं. बस्त्याव एकटाच आला होता. तो वर चढला, करुणाबाईंनी पुढे केलेल्या पाटावर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "वसंतराव, भांडायला आलो नाही. वाचा."

"काय वाचू?"

"काहीही. मागचा अध्याय वाचलात त्याच्या पुढचा." तो टोपीच्या कडेशी खेळत होता. "खरं सांगतो. लहानपणापासून मी मिस्सा चुकवली नाही. पण मिस्सा लॅटिनमध्ये. घंटा वाजली की गुडघे टेकायचे, एवढं कळायचं. आता रोममध्ये परिषद झाली आणि ठरलं की लोकांच्या भाषेत मिस्सा व्हावी. मला केवढा आनंद झाला! पण इथं लोकांची भाषा म्हणजे तमिळ. लॅटिन गेलं आणि तमिळ आलं. मला बंदरातलं तमिळ येतं, देवळातलं कुठून येणार? प्रभू माझ्या भाषेत बोलतो ते फक्त इथं, तुमच्या या घरात. मी वादाला येत होतो असं तुम्हाला वाटत होतं. मी ऐकायला येत होतो."

वसंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्या दिवशी तुमच्या घराण्याबद्दल बोललो ते बोलायला नको होतं."

"वाचा हो."

त्यांनी वाचलं. बस्त्याव डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर वसंतराव म्हणाले, "तुमच्याकडं वसईला दळताना म्हणायच्या ओव्या आहेत का? प्रभूच्या?"

"आहेत ना! माझी आई म्हणायची."

"म्हणा पाहू."

बस्त्यावचा गळा चांगला नव्हता. तरी त्यानं म्हटली. करुणाबाई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या. शब्द निराळे होते, चाल जवळजवळ नगरचीच होती.

सरोजा शाळेतून मुलांच्या नाटकाची तालीम घेऊन आली तेव्हा दोघं खाली पडवीत बसलेले होते. आग्नेलला बोलावणं गेलं होतं, तोही आला. बापांनी एकमेकांकडे पाहिलं. वसंतराव म्हणाले, "आम्हाला निकाल लावता येत नाही. तुम्ही दोघं सांगा."

सरोजानं आधीच ठरवलं होतं. "लग्न आग्नेलच्या देवळात. त्याच्या फादरनी मला सांगितलंय, रोमहून यंदाच नवा नियम आलाय. आपले पाळक लग्नाला येऊ शकतात आणि विधी झाल्यावर आशीर्वादाचे दोन शब्द बोलू शकतात. मुलांचा बाप्तिस्मा तिथं होईल. ते मी कबूल करीन."

वसंतरावांचा चेहरा उतरला. ते काही बोलणार, तोच ती पुढे म्हणाली, "पण बाबा, फादरना मी हेही सांगितलंय, की मुलांना शास्त्र मी वाचून दाखवीन, मराठीतून. रोज. आणि मुलांनी विचारलं की अमुक गोष्ट यात कुठं लिहिलीय, तर त्यांना गप्प बसवायचं नाही."

"फादर काय म्हणाले?"

"म्हणाले, ही मुलं मला फार त्रास देणार. मग हसले."

वसंतराव उठले आणि फाटकापर्यंत चालत गेले. तिथं कण्हेरीच्या झाडापाशी पाठमोरे उभे राहिले. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते कोणापासून लपवण्यासारखं नव्हतं. नातवंडं आपल्या देवळाच्या बाकांवर बसणार नाहीत. बस्त्यावनं उठून त्यांच्यामागे जायचा विचार केला, पण करुणाबाईंनी त्याला खूण केली, तशी तो बसून राहिला. काही वेळानं वसंतराव परत आले.

"लग्नात मराठी वाचन होईल का?" त्यांनी विचारलं.

"त्याची व्यवस्था माझ्याकडे," बस्त्याव म्हणाला. "फादर ऐकले नाहीत तर मी बंदरातलं तमिळ बोलेन."

तसली वेळ आली नाही. फादर दक्षिणेकडचे, तरुण, मोकळे. त्यांनी वरिष्ठांची परवानगी आणली आणि म्हणाले, "मराठीत वाचलंत तर मला काही कळायचं नाही. पण ज्याला कळायचं त्याला कळेल. विधी झाला की वाचा."

लग्न थंडीच्या आधी झालं. मद्रासेत थंडी ती काय, पण त्या सकाळी हवा चांगली होती. सरोजानं लाल साडी नेसली आणि डोक्यावर पांढरी ओढणी घेतली. अंगठी होती. तिथल्या लोकांनी ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, हवीच म्हटलं, म्हणून ताली होती. करुणाबाईंनी नगरहून मागवलेले काळे मणीही होते. हे सगळं एकाच गळ्यात आणि हातात बसवताना भवानीबाईंची तारांबळ उडाली. व्यासराज काळा कोट घालून देवळाच्या शेवटच्या बाकावर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते ख्रिस्ती देवळात आले होते आणि छताकडे पाहत होते.

विधी संपला. पाळकांनी तमिळमधून दोन शब्द सांगितले. मग वसंतराव पुढे गेले, पुस्तक उघडलं आणि काना गावची गोष्ट वाचू लागले. सुरुवातीचं नीट झालं. रांजण भरले. चाकरांनी पाणी काढलं, मेजवानीच्या कारभाऱ्याकडे नेलं. तिथं त्यांची नजर पानावरून उठून मुलीवर गेली. ती आग्नेलच्या शेजारी उभी होती. वसंतरावांचा आवाज बंद पडला. त्यांनी पुन्हा पानाकडे पाहिलं, पण डोळ्यांपुढे अक्षर दिसेना. तमिळ पाहुण्यांना वाटलं, मराठीत असंच थांबून वाचत असतील.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून बस्त्यावचा भसाडा आवाज आला. हातात पुस्तक नव्हतं. कारभाऱ्याला तो द्राक्षारस कुठून आला हे कळलं नाही, पण पाणी काढणाऱ्या चाकरांना ते ठाऊक होतं, हे सारं तो न अडखळता म्हणत गेला. वसंतरावांच्या तोंडून ऐकून ऐकून त्याचं ते पाठ झालं होतं. वसंतरावांनी बोट ओळीवरून सरकवत ताडून पाहिलं. एक शब्द चुकला नव्हता. पुढची ओळ आली तेव्हा तेही वाचू लागले, आणि शेवटचं वाक्य दोघांनी मिळून म्हटलं.

जेवण व्यासराजांच्या अंगणात होतं. मासळीची पंगत फाटकाजवळ आणि भवानीबाईंच्या देखरेखीखालची शाकाहारी पंगत पडवीजवळ. द्राक्षाचा रस पातेलंभर केला होता, आणि तो आंबलेला नाही याची व्यासराजांनी दोनदा चव घेऊन खात्री केली. फादर आणि पाळक एकाच बाकावर बसले होते. काय बोलत असतील म्हणून वसंतराव जरा जवळ गेले, तर पाळक फादरना स्कूटरचं टायर कुठं चांगलं मिळतं ते सांगत होते. बस्त्याव बँडवाल्यांना वसईची चाल शिकवू पाहत होता आणि ते त्याला आपली शिकवू पाहत होते.

सरोजाला सकाळपासून कोणी खायला विचारलं नव्हतं. आग्नेलनं एक पान वाढून आणलं आणि दोघं जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. तिनं फुलांचा हार काढून कठड्याला अडकवला, भाताचा मोठा घास घेतला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "अजून वाढून आण. मला फार भूक लागलीय."